बोकडाचा कौल

"आबा, बोकडानं अंग झाडलंच न्हाई तर?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि देवळाच्या कट्ट्यावरच्या सगळ्या टोप्या नि पागोटी पुष्पावतीकडं वळली. मागं चिंचेच्या बुंध्याआड राही आणि लीना एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच होती. भर कट्ट्यावर, चार माणसांत, स्वतःच्या वडलांना हा प्रश्न विचारायचा. विचारला तर जत्रेत राही गोडीशेव खाऊ घालणार. नाही विचारला तर पुष्पीनं वर्गात पुन्हा कधी तोंड वर करून बोलायचं नाही.

आणि न बोलणं पुष्पीला आता कसं जमावं? गेल्या दिवाळीपर्यंत ती शेवटच्या बाकावर बसायची, हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा तिचा आवाज बसायचा. मग स्नेहसंमेलनात भाषणाला कुणीच उभं राहीना म्हणून सुमंत सरांनी तिला पुढं ढकललं, आणि ती बोलली ती अशी बोलली की टाळ्या थांबेनात. तेव्हापासून खडकमाळच्या हायस्कुलात कसलीही सभा असो, पुष्पावती गहिनीनाथ औटी पुढं. तिची आई मालनबाई म्हणायची, "हिच्या तोंडाला झाकान हुतं, ते कुनी नेलं गं बया?"

कट्ट्यावर गहिनीनाथ तंबाखू मळत होते. त्यांनी ती मळून पुरी केली, चिमूट दाढेखाली धरली आणि मग म्हणाले, "तर न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. सोडून द्यायचा."

"आसं कवा झालंय?"

"माझ्या देखत न्हाई."

शेजारी बसलेले तिचे चुलते राधाकृष्ण, म्हणजे सगळ्या गावाचे राधूतात्या, मांडीवर थाप मारून हसले. "आगं येडे, हिरीतलं गारढोन पानी पाठीवर पडल्यावर तू बी झाडशील, मी बी झाडीन! न्हाई कशाला म्हनंल त्यो?"

कट्टा खदाखदा हसला. गहिनीनाथ तेवढे हसले नाहीत.

पुष्पीनं पैज जिंकली होती, पण चिंचेकडं परत येताना तिचं तोंड उतरलं होतं. लीनाचं मात्र फुललं होतं. "मिळाला गं मला मुद्दा! तुझ्या सख्ख्या काकांनीच दिला."

झगडा होता तो इथं. पुढच्या आठवड्यात पारनेरला तालुक्याचा वादविवाद होता. विषय होता, 'खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांशी दयेने वागणे शक्य आहे.' पुष्पी बाजूनं बोलणार, पोस्टमास्तरांची लीना विरुद्ध. लीनाच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. ती म्हणायची, "ज्याच्या मानेवर सुरी ठेवायची, त्याला आदल्या दिवशी पेंड चारायची ही कसली दया? हा तर वजनाचा हिशेब झाला."

"मग काय उपाशी ठेवायचं?" पुष्पी उसळायची. "बाजाराच्या दिवशी बघतेस ना, सायकलीच्या दांडीला कोंबड्या उलट्या टांगून आणतात, चोची उघड्या, डोळे तारवटलेले? आणि आमच्यात जनावराला काठी लावायची नाही, दुसऱ्या जनावरादेखत कापायचं नाही, सुरी त्याच्या नजरेला पडू द्यायची नाही. ह्या दोन्हींत काहीच फरक नाही?"

"मेल्यावर काय फरक?"

"मेल्यावर नाही गं बाई! मरेपर्यंत!"

इथपर्यंत पुष्पी जिंकत यायची, कारण तिच्याकडं हुकमाचं पान होतं. माळावरच्या माळाईची जत्रा. माघी पौर्णिमेला नवसाचे बोकड देवळापुढं रांगेनं उभे राहायचे, पण पहिला मान औट्यांच्या बोकडाचा. त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायचं, पाठीवर पाणी ओतायचं आणि थांबायचं. बोकडानं अंग झाडलं की कौल मिळाला. मगच मुलाणीचाचा सुरी घेऊन पुढं यायचे. आणि पहिल्यानं कौल दिल्याशिवाय मागच्या एकालाही सुरी लागायची नाही. "आम्ही त्याला विचारतो!" पुष्पी छाती काढून सांगायची. "जगात कुणी विचारत असेल का गं?"

"पण तो नाही म्हणू शकतो का?" असं लीनानं परवा शांतपणे विचारलं होतं. "ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याला विचारणं म्हणजे ढोंग."

पुष्पीच्या तोंडाला पहिल्यांदाच फेस आला. म्हणून तर ती पैज, आणि म्हणून तर कट्टा. आणि आता राधूतात्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, की हे सगळं गार पाण्याचं काम.

तिनं दुसऱ्या दिवशी सुमंत सरांना गाठलं. सर शास्त्र शिकवायचे. ते म्हणाले, "कातडीवर गार पाणी पडलं की ती आपोआप थरथरते. त्यात बोकडाची मर्जी कुठून आली? घोड्याच्या पाठीवर माशी बसली की काय होतं?"

"आणि सर, पाणी गार नसलं तर?"

"मग थरथरायचं कारण काय?"

सर पुढच्या वर्गाला निघून गेले. पुष्पी मात्र व्हरांड्यातच उभी राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं होतं.

देवीच्या विहिरीतून पाण्याची कळशी आणायचा मान घरच्या कुवार पोरीचा. म्हणजे तिचाच. वाट औट्यांच्या दारावरून. दारात अंघोळीच्या पाण्याचा हंडा चुलवणावर कढत असतो. त्यातलं तांब्याभर कळशीत पडलं, तर कुणाला कळणार?

बोकड झाडणार नाही. आणि मग बघायचं. आबांनी पुन्हा पाणी मागितलं, नाहीतर 'चालतंय' म्हणून चाचांना खूण केली, तर लीना खरी. कौल ढोंग, दया ढोंग, आणि 'तर न्हाई' हा आबांचा शब्दही नुसता कट्ट्यावर बोलायचा. आणि आबांनी सोडला तर?

पुष्पीला त्या रात्री नीट झोप आली नाही. परीक्षा बोकडाची नव्हती, आबांची होती, आणि आबा नापास झाले तर आपण काय करायचं हे तिला माहीत नव्हतं.

बोकड तपकिरी होता, एक कान पांढरा. त्याला नाव नव्हतं. खायच्या जनावराला नाव ठेवायचं नाही ही मालनबाईची शिस्त. नाव ठेवलं की घास घशात अडकतो. त्याला घरात 'ह्यो' म्हणत. पण ह्याची आई व्याल्यावर चौथ्या दिवशी मेली, तेव्हा ह्याच मालनबाईनं कापसाची वात दुधात बुडवून ह्याला चोखायला दिली होती, आणि पहिल्या थंडीत तिच्या जुन्या लुगड्याचा अर्धा पदर ह्याच्या अंगावर होता. हाक मारायला नाव नसलं तरी मालनबाईच्या बांगड्या वाजल्या की 'ह्यो' कान टवकारायचा.

जत्रेच्या दिवशी माळ नुसता फुलून गेला. पाळणा आला, बांगड्यांची दुकानं आली, पिपाण्यांनी कान किटले. देवळामागं बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या होत्या, आणि पाट्यावर खोबरं, कांदा, तीळ भाजून वाटलेल्या वाटणाचा वास असा सुटला होता की पुष्पीच्या तोंडाला पाणी सुटलं. तेच तर तिचं दुखणं होतं. बोकड तिला आवडायचा. आणि मटणही.

ती कळशी घेऊन विहिरीवर गेली, भरली, आणि परत येताना दारात थांबली. घरात कुणी नव्हतं. हंड्यातलं पाणी कढत होतं. तिनं तांब्याभर ओतलं, हात बुडवून बघितला. कोमट. बाळाच्या अंघोळीसारखं. तिनं कळशी कमरेवर घेतली आणि चालू लागली.

देवळापुढं रिंगण झालं होतं. पुरुष पुढं, बाया मागच्या पायऱ्यांवर. हलगी थांबली. गहिनीनाथांनी डोक्याचं पागोटं काढून बाजूला ठेवलं. सगळ्या वर्षात ते उघड्या डोक्यानं चार माणसांत दिसायचे ते ह्याच वेळी. मुलाणीचाचा सुरी कापडात गुंडाळून लांब, बोकडाच्या पाठीमागं उभे राहिले. पुष्पीनं कळशी वडलांच्या हातात दिली आणि मागं पायऱ्यांवर जाऊन राहीशेजारी उभी राहिली.

गहिनीनाथांनी ओंजळ कळशीत घातली. क्षणभर ते थांबल्यासारखे वाटले. मग त्यांनी कळशी उचलून बोकडाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश धार धरली.

बोकड तसाच उभा राहिला.

पाणी त्याच्या पोटावरून ठिबकलं, खालच्या मातीत काळे ठिपके पडले. त्यानं मान वळवून आपल्याच पाठीकडं बघितलं. पांढरा कान एकदा हलला. बस्स.

माणसं थांबली. कुणीतरी खाकरलं. पाळणेवाल्याला कुणीतरी हात केला आणि पाळण्याची करकर बंद झाली. पिपाण्या आपसूक थांबल्या. एवढ्या मोठ्या जत्रेत आता देवळाच्या शिखरावरची फडकी फडफडताना ऐकू येऊ लागली.

"गहिनीनाथ," राधूतात्या हळूच म्हणाले, "आनखी घाल थोडं."

"येकदा इचारलंय."

"मंग कानात फुंकर तरी मार. म्हातारं मानूस बी झाडतंय फुंकरीनं."

"तात्या, गप."

आणि मग गहिनीनाथ खाली बसले. बोकडासमोर उकिडवे बसले, मातीत, उघड्या डोक्यानं. त्यांचं तोंड आणि बोकडाचं तोंड एका उंचीवर आलं. त्यांनी त्याला हात लावला नाही, काही बोलले नाहीत. नुसते बसून राहिले, जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या दारात निरोपाची वाट बघत बसतो.

पुष्पीनं राहीचा हात धरला होता तो कधी घट्ट दाबला तिला कळलं नाही. तिनं आबांना बैल हाकताना बघितलं होतं, बाजारात भावावरून भांडताना बघितलं होतं, तलाठ्यापुढं ताठ उभं राहिलेलं बघितलं होतं. दरवर्षी ते बोकडापुढं बसायचे, पण बसतात न बसतात तोच तो झाडायचा; असे बसून राहिलेले आबा तिनं कधी बघितले नव्हते. आणि त्यांच्यामागं अख्खा गाव उभा होता. सकाळपासून उपाशी गडी, जावई-पाहुणे, दूरच्या वाड्यांवरून बैलगाड्या जुंपून आलेली माणसं, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया. त्या सगळ्यांची भूक, त्या सगळ्यांचे नवस एका बिननावाच्या तपकिरी बोकडापुढं थांबले होते. तो काय म्हणतो ते ऐकायला. अंगावर सर्रकन काटा आला. तिला वाटलं, आता अंग आपणच झाडतोय.

सावल्या सरकल्या. ऊन डोक्यावर चढलं. चुलींचा जाळ बसला. बोकडानं तोंड उघडून जीभ बाहेर काढली. तो तहानलेला होता. पुष्पीच्या हुशारीपायी तो उन्हात उभा होता, आणि आबाही. दया म्हणून तिनं केलं होतं काय, आणि चाललं होतं काय!

ती पायऱ्या उतरून पुढं आली. "आबा, पानी..."

एवढंच. पुढचे शब्द येईनात. जिच्या तोंडाचं झाकण हरवलं होतं तिला ते नेमकं आत्ताच सापडलं. गहिनीनाथांनी मागं न बघता नुसता तळवा वर केला. ती जिथल्या तिथं थांबली.

"गहिनीनाथ, मानसं जेवायची हायती," मागून कुणीतरी ओरडलं.

"बोकड काय सांजच्याला बोलनार हाय व्हय?"

"तू न्हाई तर मी वततो पानी," राधूतात्या पुढं सरसावले. "औट्यांचंच रगात माझ्यात बी हाय."

गहिनीनाथ उठले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी तात्यांकडं बघितलं, मग रांगेतल्या बोकडांकडं, मग देवळाच्या उंबऱ्याकडं हात जोडले. खाली वाकून त्यांनी बोकडाच्या गळ्यातलं दावं सोडलं.

"न्हाई म्हनतोय," ते म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण तो पायऱ्यांपर्यंत पोचला, चुलींपर्यंत पोचला. मुलाणीचाचांनी सुरीचं कापड पुन्हा एक वेढा जास्त घट्ट केलं आणि ते काखेत मारून चालू लागले. एका म्हातारीनं बोकडाच्या वाटेतली माती चिमटीत घेऊन कपाळाला लावली.

बोकड रिंगणातून बाहेर पडला. माणसं बाजूला झाली, आपोआप, जशी पालखीला वाट देतात. तो सरळ विहिरीजवळच्या दगडी डोणीकडं गेला, मान खाली घालून पोटभर पाणी प्याला, पुढचे पाय पाण्यात घातले, आणि मग शिंगांपासून शेपटीपर्यंत असं काही कचकचून अंग झाडलं, की तुषार उडून शेजारची पोरं भिजली.

"दिला! कौल दिला!" राधूतात्या ओरडले. "आरं धरा त्याला!"

जत्रा फसकन हसली. चार गडी धावलेही.

"थांबा," गहिनीनाथ म्हणाले. "आता इचारलं न्हवतं."

धावणारे थांबले. हसणंही थांबलं. आणि पुष्पीला वाटलं, एवढं मोठं वाक्य आपण आजवर कुठल्याच व्यासपीठावर ऐकलं नाही.

जत्रा मोडली नाही, पण तिचा नूर बदलला. काहींनी आपापले बोकड दाव्याला धरून घरी नेले. ते घरी जाऊन काय करणार, हे विचारायची सोय नव्हती. काही फुरंगटले, की औट्यांनी वर्षाचा सण घालवला. बायकांनी मटणाचं वाटण वांग्या-बटाट्यांवर घातलं आणि भाकरी थापल्या. राधूतात्यांनी तीन वाढपं रस्सा ओरपला, आणि प्रत्येक वाढपाला देवीसमक्ष सांगितलं, की ह्याला चव न्हाई. लीना पहिल्यांदाच जत्रेच्या पंगतीत बसली. नुसती पुष्पीकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत मुद्दा नव्हता. राहीनं गोडीशेवेचा पुडा आणला, तो तिघींपैकी कुणीच फोडला नाही.

दिवस कलताना औटी मंडळी घरी परतली. बोकड त्यांच्या आधीच दारात येऊन खुंट्यापाशी रवंथ करत बसला होता. मालनबाईनं कपाळावर हात मारला. "सोडला तरी ह्यो हितंच! आता ह्याला काय म्हनायचं?" आणि तरी तिनं पाटीतला पाला त्याच्यापुढं टाकला.

गहिनीनाथ ओट्यावर बसले. पुष्पी त्यांच्यापुढं उभी राहिली. सांगायचं ठरवून आली होती, पण सांगताना तिचा आवाज जुन्या पुष्पीसारखा बसला. "आबा, पानी कोमट हुतं. मी हंड्यातलं घातलं त्यात."

मालनबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. "काय केलंस कार्टे?"

"ठावं हाय," गहिनीनाथ म्हणाले. "वंजळ घातली तवाच हाताला लागलं."

"मंग? ठावं हुतं, तर दुसरी कळशी का न्हाई मागितली? उन्हात का बसलात?"

"मंग काय करायचं? त्याला इचारून उत्तर आपुनच द्यायचं?"

"पन आबा, गार पानी वतलं की झाडतंच. सर बी म्हनले. मंग आजवर झाडलेल्यांनी काय खरंच हो म्हनलं आसंल?"

गहिनीनाथांनी बोकडाकडं बघितलं. त्याचा पांढरा कान संध्याकाळच्या उजेडात पिवळसर दिसत होता.

"न्हाई बी म्हनलं आसंल," शेवटी ते म्हणाले. "म्हून तर मी खाली बसतो. कळलं तर कळावं म्हून. बापानं बसायला शिकवलं, कळायचं न्हाई शिकवलं."

मालनबाई पाटी खाली ठेवून उंबऱ्यात बसली. बोकडाच्या दाताखाली पाला करकरत होता. पुष्पीला वाटलं, एवढे मोठे आबा, आणि त्यांनाही हे माहीत नाही. आणि माहीत नाही म्हणून ते दरवर्षी मातीत बसतात. तिनं मनगटानं डोळे पुसले. तोंडाचं झाकण पुन्हा उडालं होतं.

"आई, आबा, ऐका," ती म्हणाली, सभेत उभी राहते तशी पाय जुळवून. "आजपास्नं, ज्याच्यापुढं कुनी बसलं न्हाई, त्याचं मी खानार न्हाई. सायकलीला उलटी टांगलेली कोंबडी आपल्या चुलीवर चढली, तर मी चटनी-भाकर खाईन. पारनेरात बी मी हेच सांगनार, कोमट पान्यासकट, मंग लीना जिंकली तरी जिंकू दे. आन् पुढल्या वर्सी देवीचं पानी मीच आननार, हिरीतनं निघंल तसं. पन वतल्यावर मी बायांत मागं उभी ऱ्हानार न्हाई. तुमच्या शेजारी, त्याच्या म्होरं, मी बी बसनार आबा."